विकनेस रक्त पातळ करायच्या गोळीने आलाय का? बंद करण्याआधी हे वाचा

आधी एक गोष्ट, बाकीचं सगळं नंतर. आज रात्रीची अपिक्साबॅन, म्हणजे तीच रक्त पातळ करायची गोळी, बाबांना द्या. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ती स्वतःहून बंद करू नका, का ते खाली येईलच.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बाबा ७१ वर्षांचे, वजन ५४ किलो, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणून पाच महिन्यांपासून अपिक्साबॅन ५ एमजी सकाळ-संध्याकाळ, सोबत कोलेस्टेरॉलची रोसुवास्टॅटिन २०, ठोके आवरायची मेटोप्रोलॉल आणि पायाच्या सुजेसाठी टॉर्सेमाइड. दोन महिने झाले खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. ओळखीतले एक जुने कंपाउंडर म्हणाले की रक्त पातळ करायच्या गोळीने स्नायू सडतात, बंद करा. आणि शेवटी विचारलंय की रोज रात्री पायांना तेल लावून रगडून देते ते चालेल का.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात २८ वर्षं ओपीडी बघतोय, आणि "डॉक्टर, या गोळीने विकनेस आलाय" हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी कानावर पडतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाई असेल त्यांनी शेवटचे तीन-चार पॅरे वाचले तरी चालेल.

स्नायूंना थेट इजा करणं हा या गोळ्यांचा स्वभाव नाही. वॉरफरिन असो, आपल्याकडे जास्त चालते ती असिट्रोम असो, अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगाट्रान असो, किंवा त्या वेगळ्या जातीच्या प्लेटलेटवाल्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, यातली कुठलीच गोळी स्टेरॉइडसारखी मांडीचे स्नायू झिजवत नाही. रिव्हरॉक्साबॅनच्या पत्रकात हातपाय दुखणं, स्नायू आखडणं असं लिहिलेलं सापडेल, पण दुखणं-आखडणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. एवढं वाचून "मग काही नाही, वयोमानाने होतं" असं म्हणून मोकळे होऊ नका मात्र. गोळी स्नायूला हात लावत नसली तरी गोळीमुळे कुठेतरी रक्त सांडतंय आणि त्यामुळे पाय चालेना झालाय असं होऊ शकतं, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आता हा "पातळ" शब्द. अर्धा घोळ त्यानेच केलाय. आपल्याकडे पातळ म्हटलं की पाणी घातलेलं वरण, पाणी घातलेलं ताक, म्हणजे दम नसलेलं काहीतरी. त्यामुळे रक्त पातळ केलं म्हणजे रक्तातला कस गेला, अंगातली ताकद गेली, हे पेशंटच्या डोक्यात आपोआप बसतं. रक्त यातल्या कुठल्याच गोळीने पातळ होत नाही हो, त्यात पाणी वाढत नाही, हिमोग्लोबिन गोळीने सरळ कमी होत नाही. फक्त गुठळी व्हायला जो वेळ लागतो तो वाढतो. असिट्रोम आणि वॉरफरिन लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के चं काम अडवतात, त्यामुळे गुठळीला लागणारे २, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर कच्चे तयार होतात. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन थेट दहाव्या फॅक्टरला पकडून ठेवतात. मी पेशंटला सांगतो की ही गुठळीविरोधी गोळी आहे, पण दुसऱ्या दिवशी मेडिकलवाला पिशवीवर पेनाने "रक्त पातळ" लिहून देतो आणि माझं लेक्चर वाया जातं.

वॉरफरिनची कथा खरं तर गाईंपासून सुरू होते आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे. अमेरिका-कॅनडात १९२० च्या दशकात गुरं अचानक मरायला लागली, साधी शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये पोचला, आणि पुढे त्याच लॅबने त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधून काढला. त्याचाच भाऊबंद म्हणजे वॉरफरिन, १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले, १९५५ मध्ये प्रेसिडेंट आयसेनहॉवरना हार्ट ॲटॅकनंतर दिलं तेव्हा लोकांची भीती जरा मोडली. पण मला सांगायचंय ते गुरांबद्दल. तो चारा खाल्लेलं जनावर बऱ्याचदा आधी लंगडायला लागायचं, पाय ताठ धरायचं, कारण स्नायूंत आणि सांध्यांत आतल्या आत रक्त साकळलेलं असायचं. बाहेर थेंब दिसायचा नाही आणि जनावर चालेना.

माणसातही तसंच होतं. एक केस सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. चाळिशीची बाई, लहानपणच्या संधिवाती तापाने मायट्रल व्हॉल्व्ह खराब झालेला, मेटलचा व्हॉल्व्ह बसवलेला (त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत बनवलेला आपला देशी व्हॉल्व्ह, पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये बसवला गेला, हजारो गरीब पेशंट त्यावर जगतायत), आणि असिट्रोम चालू. अशा व्हॉल्व्हला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा असतो. तिला जुलाब लागले, मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणली, पाच दिवस खाल्ली, पोट बिघडलंय म्हणून जेवणही नुसता भात-ताक, भाजी बंद. सहाव्या दिवशी उजव्या जांघेत कळ, सातव्या दिवशी पाय उचलेना. कुणीतरी स्लिप डिस्क सांगितलं, कमरेला पट्टा बांधून दिला. माझ्याकडे आली तेव्हा स्ट्रेचरवर उजवा गुडघा पोटाकडे ओढून, त्याखाली उशी घेऊन पडलेली, पाय सरळ करायला गेलो की किंचाळायची. गुडघ्याखाली हातोडी मारली तर डावा पाय उडाला, उजवा ढिम्म. मांडीच्या पुढच्या बाजूला बोट फिरवलं तर म्हणाली तिथे बधिर लागतंय. आयएनआर आला ९ च्या वर.

सीटीत दिसलं ते अपेक्षितच होतं, कमरेच्या आत मणक्याच्या बाजूने जो जाड स्नायू खाली मांडीकडे उतरतो तो सोआस, त्यात रक्ताचा गोळा. मांडीची मुख्य नस, फिमोरल नर्व्ह, या सोआस आणि शेजारच्या इलियाकस स्नायूंच्या फटीतून एका घट्ट पडद्याखालून जाते, पडदा ताणत नाही, रक्त साठत जातं, मध्ये नस चेंगरते. मग गुडघा सरळ धरणारा मांडीचा स्नायूच बंद पडतो, माणूस जिन्यावर गुडघ्यात मोडतो. सगळं गेलं ते मेट्रोनिडाझोल आणि बंद झालेल्या पालेभाजीमुळे, पहिली असिट्रोमचा असर वाढवते आणि दुसरी बंद झाली की पोटात जाणारं व्हिटॅमिन के घटतं. असिट्रोम थांबवली, प्लाझ्मा दिला, व्हिटॅमिन के अगदी थोडं दिलं, जास्त दिलं असतं तर व्हॉल्व्हवर गुठळी आणि पुढचे कितीतरी दिवस असिट्रोम लागूच पडली नसती, ती दोरीवरची कसरत वेगळीच. चार महिन्यांत ती काठीशिवाय चालली, मांडीवरचा बधिर पट्टा अजून आहे म्हणते.

म्हणून असिट्रोम किंवा वॉरफरिनवाल्यांनो, जुलाबाची मेट्रोनिडाझोल, सेप्ट्रान, फंगसची फ्लुकोनाझोल, यातलं काहीही लागलं तर तीन-चार दिवसांत आयएनआर करा, देणाऱ्याला आधी सांगा की मी असिट्रोमवर आहे. पालक-मेथी-कोबी बंद करायची गरज नाही, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा शून्य असं नको. आणि आयएनआरची कटकट नको म्हणून मेटल व्हॉल्व्हवाल्यांनी स्वतःहून अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळीवर जायचं नाही, त्या व्हॉल्व्हला त्या गोळ्या चालत नाहीत.

आता बाबांकडे वळू. आपण विकनेस हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे थकवा, गळून गेल्यासारखं, काही करावंसं वाटत नाही, पण करायला घेतलं तर हात-पाय चालतात. दुसरं म्हणजे स्नायूची ताकदच कमी, मन आहे पण उठता येत नाही. घरी बघायची सोपी युक्ती अशी, पाठ टेकायची साधी खुर्ची घ्या, हात छातीवर घडी घालायला सांगा आणि हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. धाप लागून थांबले तर हृदय, फुप्फुस, हिमोग्लोबिन यांच्याकडे बघायचं. धाप नाही पण पहिल्याच वेळी ढुंगण खुर्चीवरून सुटत नाही, तर मांडी-कमरेच्या स्नायूंकडे बघायचं. एका पायावर भार देऊन उठतात, दुसरा मागे राहतो, असं दिसलं तर ती एकाच बाजूची भानगड आणि मग नस, मणका किंवा मेंदू. फोनवर मला एवढं कुणी नीट सांगितलं तरी माझं निम्मं काम होतं.

थकव्याचं पहिलं कारण या गोळ्यांवर असलेल्या माणसात एकच धरायचं, हळूहळू रक्त जातंय का. पोटातल्या अल्सरमधून, मोठ्या आतड्यातून, मूळव्याधीतून रोज थोडं थोडं जरी गेलं तरी काही महिन्यांत हिमोग्लोबिन बरंच खाली येतं आणि इतकं हळू येतं की माणसाला सवय होते, फक्त "पायात दम नाही" म्हणतो. शी डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच घाण वास येणारी होतेय का हे विचारा. लाज वाटते म्हणून बाप मुलीला सांगत नाही, हा अनुभव आहे, तेव्हा भावाला किंवा नवऱ्याला विचारायला लावा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी त्यानेही काळी होते, पण ती चिकट नसते. आणि वयस्कर माणसात लोह कमी निघालं की फक्त लोहाच्या गोळ्या देऊन गप्प बसायचं नसतं, रक्त जातंय कुठून ते दुर्बिणीने शोधायचं असतं. रक्त न गोठायच्या गोळीने कितीतरी वेळा आतड्यातली गाठ लवकर उघडी पाडलीय, एका अर्थी उपकारच.

त्यासोबत ज्या गोळ्या हमखास असतात त्यात गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, यांनीही पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. बाबा गुपचूप घेतायत का बघा. उशीखालचा डबा, शर्टाचा खिसा, सगळं. माझ्या टेबलावर मी पेशंटला अख्खी प्लॅस्टिकची पिशवी उलटी करायला लावतो, प्रिस्क्रिप्शनवर पाच गोळ्या असतात आणि पिशवीतून नऊ निघतात. एकदा त्यातून कागदाच्या पुड्या निघाल्या, सांधेदुखीचं "जडीबुटी" चूर्ण, आठवड्याच्या बाजारात मिळालेलं. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, ते मांड्यांचे स्नायूही झिजवतं आणि पोटातून रक्तस्रावाचा धोकाही वाढवतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

तुम्ही लिहिलंय दोन्ही मांड्या, हळूहळू, दोन महिन्यांपासून. हे वाचल्यावर माझं बोट अपिक्साबॅनकडे जातच नाही, ते जातं रोसुवास्टॅटिनकडे. कोलेस्टेरॉलच्या या स्टॅटिन गोळ्या स्नायूंना त्रास देऊ शकतात, त्रास बहुतेक दोन्ही मांड्या-कमरेत सारखा असतो आणि गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत सुरू होतो. त्यात रोसुवास्टॅटिनचं एक खास आहे, आशियाई लोकांच्या रक्तात तिची पातळी गोऱ्यांच्या साधारण दुप्पट जाते, म्हणून अमेरिकेतल्या तिच्या पत्रकात आशियाई पेशंटला ५ एमजीपासून सुरुवात करा असं लिहिलंय. ७१ वर्षांच्या ५४ किलोच्या माणसाला २० म्हणजे चांगलाच डोस झाला. हार्टवाल्या डॉक्टरांनी तो मुद्दाम दिला असेल, ब्लॉकेज असतील, स्टेंट असेल, ते मला माहीत नाही, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय कमी करू नका, पण प्रश्न मात्र नक्की विचारा.

उलट बाजूही सांगतो, कारण स्टॅटिनला शिव्या घालणारे लोक खूप आहेत. २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांनी सॅमसन नावाचा एक अभ्यास छापला. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेले ६० जण घेतले, त्यांना वर्षभर उलटसुलट क्रमाने चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी गोळी आणि चार महिने गोळीच नाही, रोज मोबाइलवर त्रासाला मार्क द्यायचे. गोळी नसताना सरासरी ८, खऱ्या गोळीवर १६.३, आणि खोट्या गोळीवर १५.४! म्हणजे त्रास खरा होता, माणसं खोटं बोलत नव्हती, पण त्यातला ९० टक्के त्रास गोळी गिळण्याच्या धास्तीचा होता. तुमच्या त्या ओळखीतल्या कंपाउंडरांनी "स्नायू सडतात" म्हटल्यापासून बाबांचं दुखणं वाढलंय का हे जरा आठवून बघा.

म्हणून अंदाजावर न जाता सीपीके ही रक्ताची तपासणी करायची. नॉर्मल असेल तर स्नायूंची मोठी नासधूस नाही. वरच्या मर्यादेच्या दहापटीच्या पुढे असेल तर स्टॅटिन त्याच दिवशी बंद आणि किडनीकडे लक्ष. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट लाल होत असेल तर उद्याची वाट बघू नका. इथे एक गंमत आहे जी बरेच जण चुकतात, रक्त न गोठायच्या गोळीवर असलेल्या माणसाची लघवी लाल दिसली की सगळे "ब्लीडिंग!" म्हणून गोळी बंद करतात. लघवीत तपासणीची पट्टी टाकली तर पट्टीही "ब्लड" दाखवते. पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशी जवळजवळ नाहीत असं लॅबवाला म्हणाला तर पट्टीने पकडलंय ते बहुधा रक्त नव्हे, मोडलेल्या स्नायूतून आलेलं मायोग्लोबिन. तेव्हा लघवीचा रिपोर्ट आला की पट्टीच्या रकान्यासोबत मायक्रोस्कोपीचा रकानाही वाचा, दोन्ही जुळत नसतील तर डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.

बाकीचे संशयित पटापट. टॉर्सेमाइड लघवीतून पोटॅशियम घालवते, ३ च्या खाली गेलं की पाय लाकडासारखे होतात, गोळे येतात, आणि ठोके अनियमित असलेल्या माणसात ते हृदयालाही घातक. याच्या बरोबर उलटं हेपॅरिनचं, दवाखान्यात ॲडमिट असताना पोटावर जी रक्ताच्या गुठळीची इंजेक्शनं देतात त्याने काही जणांत, विशेषतः किडनी आणि शुगरवाल्यांत, पोटॅशियम वाढतं, आणि वाढलेलं पोटॅशियमही स्नायू ढिले करतं. रक्त न गोठायच्या औषधाचा स्नायूंवर आडमार्गाने परिणाम म्हणाल तर हा एक खरा, पण बाबा इंजेक्शनवर नाहीत, सोडून द्या. मेटोप्रोलॉलने ठोके फार कमी झाले तर माणूस मरगळतो, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोके अनियमित असतील तर ते चुकतं. ठोके नियमित करायची अमियोडेरोन चालू आहे किंवा आधी होती का बघा, ती थायरॉइड मंदावते, थायरॉइड मंदावला की मांड्या जड होतात, सीपीके वाढतो आणि सगळे स्टॅटिनला दोष देतात. असिट्रोमवाल्यांत तीच अमियोडेरोन आयएनआर हळूहळू चढवत नेते, आठवडेच्या आठवडे. व्हिटॅमिन डी तर अर्ध्या गावाचं कमी निघतं, आणि खूपच कमी असेल तर जमिनीवरून उठता येत नाही हे अगदी खरं. शाकाहारी आणि शुगरची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२.

आता ज्याला वाट बघायची नाही ते. अचानक, म्हणजे मिनिटांत, एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, तर तो स्ट्रोक, १०८ ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण अपिक्साबॅन गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल तर ते सहसा देत नाहीत आणि नळी घालून गुठळी ओढून काढायचा पर्याय बघतात, तेव्हा दवाखान्यात शिरल्याशिरल्या "शेवटची गोळी किती वाजता घेतली" हे सांगता आलं पाहिजे. फ्रिजवर कागद चिकटवा, गोळीचं नाव, डोस, वेळ. दुसरं, पाठीत अचानक सुरा खुपसल्यासारखी कळ आणि नंतर दोन्ही पाय हलके, लघवी अडकली, तर मणक्याच्या पोकळीत रक्त साठतंय का बघायला तातडीने एमआरआय, तिथे काही तासच हातात असतात.

तिसरं मात्र चोरपावलाने येतं. जुन्या वाड्याचा दरवाजा ठेंगणा, आजोबांचं कपाळ चौकटीला आपटलं, हळद लावली, विसरले. साडेतीन आठवड्यांनी सून म्हणाली की यांची डावी चप्पल पायातून निसटते आणि यांना कळत पण नाही, चपलेशिवाय तसेच पुढे चालत जातात. जरा विसरभोळे झालेत, दुपारभर झोपतात. सगळ्यांनी विकनेस म्हणून सलाईन लावून आणलं होतं, दोन वेळा. सीटी केला तर कवटीच्या आत उजवीकडे जुनं काळं रक्त, मेंदूला एका बाजूला ढकलून बसलेलं. कवटीला दोन भोकं पाडून काढलं, आठवड्यात आजोबा स्वतःच्या पायाने, दोन्ही चपला घालून, घरी गेले. त्या सुनेच्या नजरेला मी अजून मानतो. तेव्हा गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला डोक्याला टेंगूळ आलं असेल तर पुढचा दीड-दोन महिना ते लक्षात ठेवायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गोळी स्वतःहून का थांबवायची नाही ते आता. अपिक्साबॅनचा असर १२ तासांनी निम्मा होतो, म्हणूनच ती दिवसातून दोनदा असते. दोन दिवस बंद म्हणजे संरक्षण जवळजवळ शून्य, आणि फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यात थरथर चालूच असते, तिथे झालेली गुठळी सुटली की सरळ मेंदूत. पायाचा विकनेस जावा म्हणून गोळी बंद केली आणि अर्धांग घेऊन आले असे पेशंट मी ॲडमिट केलेत, त्यांच्या घरच्यांचे चेहरे लिहीत नाही इथे. डोस अर्धा करायचंही तसंच. अपिक्साबॅन २.५ वर आणायची अट आहे, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिनातल्या दोन जुळल्या पाहिजेत. बाबांची वजनाची एकच जुळतेय. क्रिएटिनिन १.५ च्या पुढे निघालं तर दोन होतील आणि डॉक्टर डोस कमी करतील, ते बघण्यासाठी तपासणी लागते, कंपाउंडर लागत नाही.

तर या आठवड्यात एका सुईत सगळं काढून घ्या, सीबीसी, फेरिटिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, सीपीके, टीएसएच, व्हिटॅमिन डी, बी-१२, आणि लघवीची साधी तपासणी मायक्रोस्कोपीसकट. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा की रिपोर्ट बघून रोसुवास्टॅटिन काही आठवडे थांबवून किंवा डोस उतरवून बघता येईल का. थांबवल्यावर मांड्या मोकळ्या झाल्या, परत सुरू केल्यावर परत धरल्या, तर गुन्हेगार सापडला आणि दुसरी एखादी स्टॅटिन कमी डोसने देता येते. स्टॅटिन बंद करूनही ताकद घटतच चालली असेल तर वेळ न घालवता न्यूरोचा सल्ला घ्या, तेव्हा ते "वय झालं" वर सोडायचं नाही.

आणि तोवर विकनेससाठी कमरेत लाल (म्हणजे बी-१२ चं) इंजेक्शन घ्यायचं नाही. बी-१२ कमी निघालं तर ती गोळीनेही भरून निघते. या गोळ्यांवर असताना ढुंगणात खोल दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळून सायटिकची नस दबलेली मी बघितलीय, पाय आधी नुसता दमत होता तो मग लोंबायला लागला. कुठलंही इंजेक्शन द्यायच्या आधी देणाऱ्याला मोठ्याने सांगा.

राहिली मालिश. तेल कोमट करून वरवर हात फिरवा, बाबांना बरं वाटतं, तुम्हालाही बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. अंगठ्याने पोटऱ्या दाबणं, मांड्यांवर गुडघा देऊन रगडणं, लाटण्याने लाटणं, नातवाला पाठीवर-पायांवर उभं करणं, हे बंद. आणि सकाळी अंघोळीच्या वेळी मांडीच्या मागच्या बाजूला, जिथे त्यांना स्वतःला दिसत नाही तिथे, काळं-निळं काही दिसतंय का बघायला सांगा कुणाला तरी. दिसलं तर पेनाने कडेने रेघ मारून ठेवा, संध्याकाळी रेघेच्या बाहेर गेलं असेल तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे.